व्हर्जिनियातील माझा मतदारसंघ: नावनोंदणीपासून मतमोजणीपर्यंत

अमेरिकेचे नागरिकत्व मिळवण्यासाठी मी परीक्षेची तयारी केली, तेव्हा अभ्यासाला शंभर प्रश्न होते. मुलाखत घेणारा अधिकारी त्यांतील दहापर्यंत प्रश्न विचारत असे आणि सहा उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण होत असे. काँग्रेसमधील, म्हणजे देशाच्या संसदेतील, तुमचा प्रतिनिधी कोण, गव्हर्नर कोण, राज्याची राजधानी कोणती, हे सारे त्या यादीत होते. राज्याच्या विधिमंडळात तुमचे प्रतिनिधित्व कोण करते, हा प्रश्न मात्र नव्हता. त्यामुळे शपथ घेतल्यानंतरही व्हर्जिनियाच्या विधिमंडळाविषयी मला फारच थोडी माहिती होती. ती माहिती पुढे कशी मिळत गेली, ते येथे लिहीत आहे, कारण आपल्यापैकी अनेकजण अध्यक्षीय निवडणुकीत उत्साहाने मतदान करतात आणि विधिमंडळाच्या निवडणुकीकडे त्यांचे लक्षही जात नाही.

व्हर्जिनियात मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि काही दिवसांत टपालाने एक पत्र येते, ज्यावर मतदान केंद्राच्या नावाबरोबर तीन मतदारसंघांचे क्रमांक छापलेले असतात: काँग्रेसचा, आणि राज्याच्या विधिमंडळाची जी दोन सभागृहे आहेत त्यांचा, म्हणजे सिनेटचा आणि हाऊस ऑफ डेलिगेट्सचा. मी लाउडन काउंटीत राहते; काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग. माझ्या पत्रावर सिनेटसाठी ३२ आणि हाऊससाठी २६ हे आकडे होते. शेजारपाजारी विचारून पाहिले, तर पुष्कळांना हे क्रमांक नवीनच होते आणि त्याला कारणही तसेच होते. २०२० च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या सीमा आखण्याचे काम घटनादुरुस्तीने नव्या द्विपक्षीय आयोगाकडे सोपवण्यात आले होते; परंतु आयोगात एकमत झाले नाही आणि अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन तज्ज्ञांकडून नकाशे तयार करून घेऊन २०२१ च्या डिसेंबरअखेर ते मंजूर केले. नव्या सीमांनुसार विधिमंडळाची पहिली निवडणूक २०२३ मध्ये झाली.

या आखणीची माहिती वाचताना एका गोष्टीने माझे लक्ष वेधून घेतले. व्हर्जिनियाची २०२० ची लोकसंख्या ८६ लाख ३१ हजारांच्या आसपास, आणि हाऊसच्या जागा १००. म्हणजे एका जागेमागे सुमारे ८६ हजार माणसे. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका जागेमागे जवळजवळ ३ लाख ९० हजार लोक येतात. त्या मानाने हा मतदारसंघ किती लहान! आणि या ८६ हजारांत सगळेच मोजले जातात, लहान मुले आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणारे परदेशी नागरिकही. मी मतदार होण्याच्या कितीतरी आधीपासून कोणीतरी डेलिगेट, म्हणजे हाऊसचा सदस्य, माझ्याही वतीने राज्याच्या राजधानीत, रिचमंडला बसत होता. आमच्या भागात भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे आणि तिच्यातील पुष्कळ कुटुंबे आजही जनगणनेत आहेत, मतदार यादीत नाहीत. ज्यांच्या हाती मत आहे, त्यांनी ते या कुटुंबांचीही आठवण ठेवून द्यावे, असे मला मनापासून वाटते.

कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा, हे समजून घेण्यात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. आमच्याकडे डेटा सेंटरांचा आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांचा प्रश्न मोठा आहे. जमिनीचा वापर कशासाठी करू द्यायचा, हा निर्णय बोर्ड ऑफ सुपरवायझर्स या काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाचा असतो, तर वीजवाहिनीला मंजुरी कॉर्पोरेशन कमिशन या राज्याच्या नियामक संस्थेकडून मिळते. डलस ग्रीनवे या खासगी रस्त्याचे टोलचे दरही याच कमिशनपुढे ठरतात, आणि कमिशनच्या न्यायाधीशांची निवड विधिमंडळ करते. हा धागा एकदा हाती लागल्यावर दारावर प्रचाराला आलेल्या उमेदवाराला काय विचारायचे, हे मला कळू लागले. मतदारसंघ लहान असल्यामुळे उमेदवार स्वतः घरोघरी येतात. टोलच्या दराबाबत विधिमंडळ नेमके काय करू शकते, असे मी माझ्या दारी आलेल्या एका उमेदवाराला विचारले, तेव्हा त्यांनी तेथेच उभे राहून, घाई न करता, आपला विचार सविस्तर सांगितला. हाऊसच्या सदस्याला वर्षाला १७,६४० डॉलर वेतन मिळते आणि अधिवेशन सम वर्षी साठ दिवसांचे, विषम वर्षी त्याहून कमी काळाचे असते, त्यामुळे बहुतेक सदस्य आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात.

२०२३ ची निवडणूक सुरळीत पार पडली. सिनेटच्या ३२ क्रमांकाच्या जागेवर सुहास सुब्रमण्यम आणि हाऊसच्या २६ क्रमांकाच्या जागेवर कन्नन श्रीनिवासन निवडून आले. पण पुढच्याच वर्षी सुब्रमण्यम काँग्रेसवर निवडून गेले, त्यांच्या सिनेटच्या जागेसाठी श्रीनिवासन उभे राहिले, आणि अशा रीतीने एका निवडणुकीच्या पोटी दोन पोटनिवडणुका आल्या. मतदानाची तारीख ठरली ७ जानेवारी २०२५. विधिमंडळाचे अधिवेशन दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते.

या निवडणुकीत काय पणाला लागले आहे, हे आकड्यांवरून स्पष्ट दिसत होते. सिनेटमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाकडे २१ आणि रिपब्लिकन पक्षाकडे १९ जागा होत्या, हाऊसमध्ये ५१ आणि ४९. इतक्या निसटत्या बहुमतात एक जागा इकडची तिकडे झाली, तरी दोन्ही बाजू बरोबरीत येणार होत्या. राज्यात साऱ्यांचे लक्ष लाउडनकडे लागलेले होते आणि लाउडनमध्ये मात्र लोक नाताळच्या सुट्टीत गुंतलेले होते. त्यात आदल्या दिवशी वॉशिंग्टन परिसरात मोठे हिमवादळ झाले आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. व्हर्जिनियात मतदान सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत चालते. मी बर्फातून वाट काढत केंद्रावर पोहोचले, तेव्हा तेथे रांग नव्हती. नाव आणि पत्ता सांगितला, ओळखपत्र दाखवले, कागदी मतपत्रिकेवरील लंबगोल काळ्या शाईने भरले आणि ती स्कॅनरमध्ये सरकवली. माझ्या मतपत्रिकेवर दोनच लढती होत्या आणि हाऊससाठी उभे असलेले जे. जे. सिंग व राम वेंकटाचलम हे दोन्ही प्रतिस्पर्धी भारतीय वंशाचे होते. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिंग आणि श्रीनिवासन विजयी झाले व दोन्ही सभागृहांतील त्या पक्षाचे बहुमत कायम राहिले. निकाल कोणाच्याही बाजूने लागला असता, तरी त्या दिवशी घराबाहेर पडलेल्या मतदारांनी राज्याचे कामकाज कोणाच्या हाती राहील हे ठरवले, याचे महत्त्व मला कमी वाटत नाही.

त्यानंतर मी मतदान केंद्रावर काम करण्यासाठी अर्ज केला. त्यासाठी राज्याचा नोंदणीकृत मतदार असावे लागते, प्रशिक्षण घ्यावे लागते आणि मतदानाच्या दिवशी शपथ घ्यावी लागते. प्रशिक्षणाला जाण्याआधी मी २०१७ च्या निवडणुकीतील, न्यूपोर्ट न्यूज या शहरातील हाऊसच्या ९४ क्रमांकाच्या मतदारसंघाची हकिकत मुद्दाम वाचून काढली. पहिल्या मोजणीत डेव्हिड यान्सी दहा मतांनी पुढे होते. फेरमोजणीत शेली सायमंड्स एका मताने पुढे गेल्या. आणि मग न्यायाधीशांपुढे एक मतपत्रिका आली, जिच्यावर मतदाराने दोन्ही लंबगोल भरून सायमंड्स यांच्या नावासमोर काट मारली होती. न्यायाधीशांनी ते मत यान्सी यांचे धरले आणि दोघांना प्रत्येकी ११,६०८ मते झाली. अखेर ४ जानेवारी २०१८ रोजी एका भांड्यातून चिठ्ठी काढून यान्सी यांना विजयी घोषित करण्यात आले आणि त्या एका जागेमुळे हाऊसमधील बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे ५१ विरुद्ध ४९ असे राहिले. पुढच्या निवडणुकीत सायमंड्स यांनी ती जागा जिंकली.

ही हकिकत मनात असल्यामुळे प्रशिक्षणातील जो भाग एरवी किरकोळ वाटला असता, तोच मी लक्ष देऊन ऐकला. एकाच पदासाठी दोन लंबगोल भरलेले असतील, तर स्कॅनर मतपत्रिका लगेच स्वीकारत नाही, इशारा देतो. अशा वेळी मतदाराला नवी मतपत्रिका मागता येते आणि जुनी रद्द म्हणून वेगळी ठेवली जाते. मतपत्रिकेकडे न पाहता, मतदाराच्या निवडीविषयी एक शब्दही न उच्चारता हे समजावून सांगणे, हे केंद्रावरील माणसाचे कौशल्य आहे.

४ नोव्हेंबर २०२५ ला मी पहिल्यांदा हे काम केले. आम्हाला पहाटे पाच वाजता हजर राहायचे होते. त्या दिवशी गव्हर्नरपदाबरोबर हाऊसच्या सर्व शंभर जागांची निवडणूक होती. गव्हर्नरसाठी म्हणून आलेल्या कित्येक मतदारांनी आपण नेमके कोणत्या मतदारसंघात येतो, असे विचारले आणि दारापाशी लावलेली नमुना मतपत्रिका दाखवून त्यांना उत्तर देता आले. पत्ता बदललेल्या किंवा यादीत नाव नसलेल्या मतदारांना परत पाठवले जात नाही; त्यांचे मत तात्पुरत्या मतपत्रिकेवर, वेगळ्या लिफाफ्यात घेतले जाते आणि ते मोजायचे की नाही, हे निवडणूक मंडळ नंतर ठरवते. एका तरुण जोडप्याला वाटले की असे मत कोणी मोजतच नाही. त्यांचा संशय दूर करण्यासाठी आमच्या प्रमुखांनी मंडळाच्या बैठकीची वेळ आणि ठिकाण लिहिलेला कागद त्यांच्या हाती दिला व तेथे स्वतः येऊन बाजू मांडता येते, हेही सांगितले.

सात वाजता रांगेत असलेल्या शेवटच्या मतदाराचे मत झाल्यावर दरवाजे बंद झाले. स्कॅनरमधून निकालाची पट्टी छापून घेतली, यादीवर नोंदलेल्या मतदारांची संख्या आणि मशीनवरील आकडा जुळवला, आणि दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींसमोर आम्ही साऱ्यांनी सह्या केल्या. २०२७ मध्ये हाऊस आणि सिनेट या दोन्ही सभागृहांची निवडणूक एकाच वेळी होणार आहे. त्या कामासाठीही मी नाव दिले आहे आणि नव्याने नागरिक झालेल्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांना नावनोंदणीचा अर्ज भरून देण्याचे काम आतापासूनच सुरू केले आहे.