ढेकूळ पाण्यात टाकून बघा

गेल्या आठवड्यात घरी एक साधासा प्रयोग केला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येतच नाहीये, म्हणून लिहायला बसले. काचेचे दोन ग्लास पाण्यानं भरले. एकात जंगलातल्या झाडाखालचं वाळलेलं मातीचं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात तेवढ्याच आकाराचं पण वर्षानुवर्षं नांगरलेल्या, उन्हात उघड्या पडलेल्या जमिनीतलं. उघड्या जमिनीतलं ढेकूळ दोन-तीन मिनिटांत फसफसून फुटलं, पाणी गढूळ आणि तळाला नुसता गाळ. जंगलातलं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पण तसंच बसलेलं, आकार शाबूत, पाणी जवळजवळ नितळ!

मला आधी वाटलं की माती वेगळ्या जातीची असेल. म्हणून बरणीचा प्रयोग पण केला, म्हणजे माती चाळून बरणीत घालायची, पाणी आणि थोडं भांड्यांचं लिक्विड टाकायचं, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायची. मिनिटभरात वाळू खाली बसते, पोयट्याला (वाळूहून बारीक गाळाला) काही तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. हे सगळं फक्त कणांच्या आकारावर चालतं, २ मिलिमीटरपासून ०.०५ पर्यंत वाळू, त्याखाली ०.००२ पर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. दोन्ही बरण्यांतले थर जवळपास सारखेच निघाले. म्हणजे पोत एकच, फरक घडणीत होता.

पोत आणि घडण या दोन शब्दांची लोक फार गल्लत करतात, मी पण करायचे. पोत म्हणजे कण किती जाडे किती बारीक, तो आपल्या आयुष्यात बदलत नाही. घडण म्हणजे ते कण एकमेकांना धरून कसे बसलेत. चांगल्या मातीत जवळपास अर्धी जागा रिकामी असते, म्हणजे कणांच्या मधल्या पोकळ्या, काहींत पाणी काहींत हवा, आणि बाकीच्या अर्ध्यात बहुतेक खनिजं आणि फार तर पाच टक्के सेंद्रिय भाग. त्या पाच टक्क्यांवर सगळा डोलारा उभा आहे. मुळांतून पाझरणारा चिकट रस, बॅक्टेरियांचा डिंक, बुरशीचे केसाहून बारीक धागे, गांडुळांची विष्ठा, हे सगळं मिळून कणांचे छोटे छोटे रवे बांधतं. कोरडं ढेकूळ पाण्यात पडलं की पाणी आत घुसतं, आतली हवा कोंडते आणि बाहेर यायला धडपडते, रवे घट्ट बांधलेले नसतील तर तिथल्या तिथे फुटतात. माझ्या दुसऱ्या ग्लासात हेच झालं, आणि उघड्या जमिनीवर पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा पण अगदी हेच होतं, सुटे झालेले बारीक कण पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात, वर पापुद्रा तयार होतो आणि मग पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं.

इथे एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. आपण म्हणतो की झाडाच्या पानांमुळे पावसाचा मारा कमी होतो. पण उंच झाडाच्या पानांवर थेंब एकत्र येऊन आणखी मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडले तर त्यांचा वेग पुन्हा जवळपास पहिल्याइतकाच होतो. मग माती वाचवतं कोण? तर खाली पडलेला पालापाचोळा आणि बुटकी झाडंझुडपं. म्हणूनच मोठ्या पानांच्या सागाच्या लागवडीत खालचा पाचोळा जाळला किंवा झाडून नेला तर झाडं उभी असूनसुद्धा जमिनीची प्रचंड धूप होते. लांबून हिरवंगार दिसतं, आणि खाली मुळं उघडी पडलेली. मला या झाडून काढण्याचा खरंच राग येतो, पाचोळा हा कचरा नाही हो, तो जमिनीचा सगळ्यात वरचा थर आहे, मातीच्या शास्त्रात त्याला स्वतःचं अक्षर आहे, ओ थर. त्याखाली काळसर ए थर, त्याखाली बी, मग मुरमासारखा सी आणि शेवटी कातळ.

जंगल तोडल्यावर मातीत नक्की काय होतं हे ज्या प्रयोगामुळे मला समजलं तो अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक जंगलातला. १९६५ च्या हिवाळ्यात शास्त्रज्ञांनी तिथल्या एका छोट्या ओढ्याच्या पाणलोटातली, साधारण १५ हेक्टरवरची, सगळी झाडं तोडली. एक ओंडकासुद्धा बाहेर नेला नाही, रस्ता काढला नाही, म्हणजे माती जवळपास ढवळलीच नाही, आणि पुढची तीन वर्षं तणनाशक मारून काही उगवू दिलं नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचं पाणी अपेक्षेपेक्षा साधारण ४० टक्क्यांनी वाढलं, कारण पाणी पिऊन हवेत सोडणारं कोणी उरलं नाही. पण खरा धक्का नायट्रेटचा, म्हणजे नत्राच्या पाण्यात विरघळणाऱ्या रूपाचा, ते तब्बल ४० पटीच्या आसपास वाढलं आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर गेलं.

हे कुठून आलं? कोणी खत टाकलं नव्हतं. मातीतले जंतू पाचोळा कुजवतच होते, त्यातून अमोनियम आणि अमोनियमपासून नायट्रेट होतच होतं, आधी मुळं ते लगेच उचलायची, आता उचलणारं कोणी नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो आणि नायट्रेटवर पण ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही, पाण्याबरोबर सरळ निघून जातं. वर नायट्रेट तयार होताना आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल कणांना चिकटलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियमला ढकलून त्यांची जागा घेतं. म्हणजे ते पण ओढ्यात. माती जागच्या जागी, दिसायला तशीच, पण आतली पुंजी वाहून चाललेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पानच उलटलं नाही.

अ‍ॅमेझॉनचं तर आणखी वेगळं. एवढं घनदाट जंगल म्हणजे खालची माती सोन्यासारखी असणार असं वाटतं ना? बहुतेक ठिकाणी उलट आहे, लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन निघालेली गरीब माती, अन्नद्रव्यं बरीचशी झाडांतच साठलेली आणि पान पडलं की मुळं आणि बुरशी ते पुन्हा उचलून वर पाठवतात. फॉस्फरस तर इतका अपुरा की सहारा वाळवंटातून वाऱ्यानं समुद्र ओलांडून येणारी धूळ दरवर्षी साधारण २२ हजार टन फॉस्फरस आणते आणि तेवढाच जवळपास पावसानं वाहून जातो. अशी जागा तोडून जाळली की राखेवर दोन-तीन हंगाम पीक येतं, मग संपलं.

बुरशीच्या जाळ्याबद्दल एक सांगते. मोठं झाड जाळ्यातून आपल्या पिल्लांना जेवण पाठवतं वगैरे फॉरवर्ड खूप फिरतात. झाडं आणि बुरशीची देवाणघेवाण पक्की सिद्ध आहे, बुरशी पाणी आणि फॉस्फरस देते, झाड साखर देतं. पण आई-पिल्लाच्या गोष्टीला प्रत्यक्ष जंगलातले पुरावे कमी आहेत, २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हे नीट तपासून मांडलं. मला वाटतं जंगलाची बाजू घ्यायला सिद्ध झालेल्या गोष्टीच भरपूर आहेत. जगभरच्या मातीच्या वरच्या एका मीटरमध्ये वातावरणापेक्षा जास्त कार्बन आहे, ही एक गोष्ट घेतली तरी बास आहे.

आणि तोडलेलं जंगल परत लावता येतं असं कोणी म्हणालं की मला फ्रान्समधली एक जागा आठवते. ईशान्य फ्रान्समध्ये रोमन काळात, म्हणजे जवळपास १८०० ते १९०० वर्षांपूर्वी, लोकांनी शेती केली, मग सोडून दिली आणि तिथे पुन्हा जंगल उगवलं. संशोधकांनी तिथली माती तपासली आणि २००२ साली निष्कर्ष छापले. जुन्या वस्तीच्या जवळ फॉस्फरस अजून जास्त, सामू (मातीचा आम्लपणा, pH) वेगळा, आणि झाडांखाली उगवणाऱ्या वनस्पती पण वेगळ्या. वर बघितलं तर सगळीकडे एकच रान, आणि खाली शेताची हद्द कुठवर होती ते अजून मातीतून ओळखता येतं.