वाळवीने खाल्लेले अक्षर

इंदूरला राहून जुने मोडी कागद वाचून देण्याचे काम मी गेली एकवीस वर्षे करीत आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक कागद इनामाचे, वतनाचे किंवा देवस्थानाच्या जमिनीचे असतात, आणि ते आणणारी माणसे होळकर-शिंद्यांच्या चाकरीत माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांतली असतात. राजपूत घराण्यातून कोणी आले तर मला नवल वाटते, कारण आपल्या पूर्वजांचे निम्मे कागद मराठीत असतील याची त्या घरांतल्या नव्या पिढीला कल्पनाच नसते. वस्तुतः १७२८च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदार गिरधर बहादूर पडला आणि १७४१मध्ये माळव्याची नायब सुभेदारी पेशव्यांच्या नावे झाली. तेव्हापासून पाऊणशे वर्षे या मुलखातल्या प्रत्येक लहानमोठ्या राजपूत ठिकाण्याचा, म्हणजे जहागिरीचा, हिशेब कोणत्या ना कोणत्या मराठी कारकुनाच्या लेखणीखालून गेलेला आहे.

त्या दिवशी मी गेलो होतो ते ठिकाण मंदसोर जिल्ह्यात, सीतामऊपासून फार लांब नसलेल्या एका गढीत. घराण्याचे नाव मी देत नाही. राठोड आहेत, आणि रतलामच्या मूळ शाखेतून फुटलेल्या अनेक भायातांपैकी, म्हणजे भाऊबंदांच्या शाखांपैकी, एक आहेत, एवढे पुरे. ठाकूरसाहेब सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक. घराण्याची वंशावळ नव्याने छापायची होती आणि तिच्यात कागदपत्रांचा आधार द्यायचा होता, म्हणून त्यांनी मला बोलावले होते. चुलत शाखेचे लोक आपणच पाटवी, म्हणजे थोरल्या मुलाचे वंशज, असे अलीकडे लग्नकार्यांत बोलू लागले होते. हे त्यांनी मला स्वतः सांगितले नाही. ते त्यांच्या सुनेने चहा देताना हळूच सांगितले.

या घराण्यांची कथा रतनसिंहापासून सुरू होते. मारवाडच्या मोटा राजा उदयसिंहाचा हा पणतू शहाजहानच्या काळात रतलामचा धनी झाला आणि १६५८च्या एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धरमतच्या लढाईत, औरंगजेबाविरुद्ध जसवंतसिंहाच्या बाजूने लढताना मारला गेला. खिडिया जग्गा या चारण कवीने त्याच्यावर डिंगळ या जुन्या राजस्थानी काव्यभाषेत रचलेली वचनिका माळव्यातल्या राठोडांच्या घरी आजही मानाने सांगितली जाते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. रतनसिंहाच्या वंशातल्या केशवदासाच्या माणसांनी जिझिया वसूल करणाऱ्या बादशाही अमिनाला ठार केले, त्यापायी रतलाम हातचे गेले, आणि १७०१मध्ये केशवदासाला सीतामऊकडचा मुलूख मिळाला; रतलाम मागाहून त्याचा चुलता छत्रसाल याच्याकडे आले. छत्रसालाच्या मुलांत भावाने भावाला मारले, पुतण्यांनी त्या मारेकरी चुलत्यावर सूड उगवला, आणि त्यातल्या धाकट्या पुतण्याच्या, जयसिंहाच्या, वाट्यातून सैलाना उभे राहिले. तीन संस्थाने, एकच रक्त, आणि त्यांच्या पोटात डझनावारी ठिकाणे. अशा मुलखात ‘पाटवी कोण’ हा प्रश्न लग्नाच्या मांडवातही निघतो, यात आश्चर्य नाही.

ठाकूरसाहेबांनी लाल फडक्यात बांधलेला दप्तराचा गठ्ठा पुढे ठेवला. त्यात एकोणीस कागद होते, त्यातले अकरा मोडीत. चार नुसत्या पावत्या होत्या. उरलेल्यांपैकी सर्वांत मोठी होती ती टांक्याची, म्हणजे सालाबादच्या खंडणीच्या हिशेबाची याद, आणि वर सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरातली अरबी अंकनावांची कालगणना, ‘इहिदे मयातैन व अलफ’ असे स्वच्छ लिहिलेले होते. सन बाराशे एक. त्यात पाचशे नव्याण्णव मिळवले की १८००-०१ हे साल येते. शिंदे आणि होळकर यांच्या फौजा माळव्यात एकमेकांवर उठलेल्या होत्या ते हे वर्ष. पुढच्याच पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांची फौज बुडवली आणि त्याच ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटले. पैशाची निकड दोन्ही छावण्यांना, आणि तो काढायचा कोणाकडून, तर अशाच ठिकाण्यांकडून.

याद वाचायला सोपी होती. अक्षर फडातले, सरावलेले. ऐन टांका, मागील बाकी, सरदेशमुखी, दरबारखर्च, वकिलाचा शिरपाव, घोड्याचा दाणावैरण. नंतर एक कलम आले: ‘नजर बद्दल द…तक’, आणि पुढे दोन हजार एक रुपये सालिमशाही (माळव्यात चालणारे एक नाणे), दोन हप्त्यांनी. मधले अक्षर वाळवीने नेले होते, कागदाला आरपार भोक. हिशेबाच्या कागदात अशा जागी बहुधा ‘दस्तक’ येतो. मालाची ने-आण किंवा माणसांचा प्रवास अडू नये म्हणून दिलेला परवाना. मी फार विचार केला नाही. ‘दस्तक’ असे वाचले, आणि ठाकूरसाहेबांना तसेच सांगितलेही. त्यांनी ते मान डोलावून आपल्या वहीत लिहून घेतले. रक्कम दस्तकासाठी अंमळ मोठी आहे, हे तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवे होते.

जेवणानंतर मी पाठीमागचे पान उलटले, आणि त्या कलमाचा खुलासा तिथे लिहिलेला सापडला. लिपीकाराने जागा पुरली नाही म्हणून तो मागे नेला होता. तो असा होता: ‘भायाताकडील चिरंजीव आणिले त्यास गादीस बसविणेची मोकळीक’. म्हणजे शब्द ‘दस्तक’ नव्हता. तो ‘दत्तक’ होता. ठिकाण्याच्या धन्याला मुलगा नव्हता. भाऊबंदांपैकी एकाचा मुलगा आणून गादीवर बसवला होता, आणि त्याला मान्यता देण्यासाठी शिंद्यांच्या सरकारात नजराणा भरला होता. ज्या पुरुषाला घरच्या वंशावळीत थोरला औरस मुलगा म्हणून दाखवले होते आणि ज्याच्यावर पाटवीपणाचा सगळा दावा उभा होता, तोच हा मुलगा.

माझ्या धंद्यात हा प्रसंग अधूनमधून येतो, तरीही त्याची सवय होत नाही. मी अर्धा तास बाकीचे कागद चाळण्याचे निमित्त केले. ‘दस्तक’ तसेच ठेवले असते तर कोणी मला विचारायला येणार नव्हते; भोक भोकच राहिले असते. शेवटी मी म्हणालो, “ठाकूरसाहेब, सकाळी मी एक शब्द चुकीचा वाचला. तो आधी दुरुस्त करून घ्या.” मी ओळ वाचून दाखवली, तिचा हिंदीत अर्थ सांगितला. ते बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, “पंडितजी, दुसरा काही अर्थ होऊ शकतो का?” मी नाही म्हणालो.

योगायोग असा की त्याच दुपारी त्यांचे रावजी येणार होते. राव म्हणजे घराण्याची वही सांभाळणारा पिढीजात वंशावळकार. दोन-तीन वर्षांतून एकदा येतो, जन्मलेल्या मुलांची नावे नोंदतो, राठोडांची कुलदेवी नागणेची माता हिचे नाव घेऊन वही उघडतो आणि आपला नेग, म्हणजे मानाची बिदागी, घेऊन जातो. मुद्रित वंशावळ ठाकूरसाहेबांच्या वडिलांनी ज्या प्रतीवरून तयार केली, ती याच वहीची नक्कल होती. रावजी आले, ‘जय माताजी की’ झाले, पाणी झाले, आणि ठाकूरसाहेबांनी काहीही न सांगता त्या पुरुषाचे पान काढायला लावले. रावजींनी बोटाने ओळ दाखवत वाचले. नावाच्या आधी एक शब्द होता: ‘खोळे’. मारवाडीत ‘खोळे आला’ म्हणजे मांडीवर आला, दत्तक आला. वहीत तो शब्द दोनशे वर्षे उघडपणे बसलेला होता. नक्कल करताना कोणीतरी तो गाळला होता, चुकून किंवा मुद्दाम, हे आता ठरवता येणार नाही.

रावजींना यात काही विशेष वाटलेच नाही. ते म्हणाले, “हुकुम, मुलगा राठोडांचाच आणला, बाहेरचा नव्हे. वंश कुठे तुटला?” त्यांनी मग बोटांवर मोजत आजूबाजूच्या ठिकाण्यांतले दत्तक सांगायला सुरुवात केली, आणि ती यादी थांबेना. मलाही सीतामऊचेच उदाहरण आठवले. १९००मध्ये तिथली गादी रिकामी झाली, तेव्हा धार मुलखातल्या काछी-बडोद्याच्या ठाकूर घराण्यातून रामसिंहांना आणून राजा केले. त्यांचे पुत्र रघुबीरसिंह (१९०८-१९९१) १९३६मध्ये आग्रा विद्यापीठाचे डी.लिट. झाले, इतिहासकार जदुनाथ सरकारांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी माळव्याच्या संक्रमणकाळाचा अभ्यास केला आणि सीतामऊला असे हस्तलिखितांचे संग्रहालय उभारले की मराठेशाहीचा अभ्यास करणाऱ्याला आजही तिथे जावे लागते. माझ्या मते त्या संस्थानाच्या पूर्ण इतिहासात याहून मोठे काम कोणत्या औरस वारसाने केलेले नाही. हे मी ठाकूरसाहेबांना सांगितले. ते किंचित हसले, पण समजूत घालणे आहे हे त्यांना कळले असावे.

मी त्यांना आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिने मात्र त्यांचे लक्ष वेधले. शिंद्यांनी नजराणा घेऊन मान्यता दिली म्हणजे ठिकाण्याचे अस्तित्व मान्य केले. अठरा वर्षांनी माल्कमसाहेब या इंग्रज अधिकाऱ्याच्या बंदोबस्तात कोणाचा टांका किती हे ठरले, तेव्हा असे कागद ज्यांच्याकडे होते त्यांचे हक्क कायम राहिले. १८१९मध्ये रतलामचा टांका ८४ हजार आणि सैलान्याचा ४२ हजार सालिमशाही ठरला, तो थेट शिंद्यांकडे न जाता इंग्रजांच्या हमीने जाऊ लागला, आणि शिंद्यांनी त्या मुलखात फौज पाठवायची नाही असे बंधन आले. साताऱ्याचे राज्य १८४८मध्ये दत्तक नाकारून खालसा केले गेले. दत्तक घेण्याचा अधिकार संस्थानिकांना सनदेने मिळाला तो थेट १८६२मध्ये, व्हाइसरॉय कॅनिंगच्या काळात. म्हणजे दोन हजार एक रुपयांत या घराने जे घेऊन ठेवले होते, ते मिळवण्यासाठी कित्येक मोठ्या घराण्यांना पुढे साठ वर्षे लागली. नाना फडणीस जाऊन वर्ष न झालेल्या त्या काळात हे दत्तक किती निर्वेध झाले असेल कोण जाणे. रोकड दोन हप्त्यांत भरली एवढे खरे.

संध्याकाळी वहीत नातवाचे नाव नोंदवण्याचा कार्यक्रम होता. रावजींनी दौत उघडली. ठाकूरसाहेबांनी त्यांना थांबवले, मुद्रित वंशावळीची घरातली प्रत मागवली, आणि त्या पुरुषाच्या नावाआधी ‘खोळे’ हा शब्द रावजींकडूनच लिहवून घेतला. शाई जुन्या छापील कागदावर फुटली आणि अक्षर जरा पसरट आले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “आणि पंडितजी, तुम्ही सकाळचा तो शब्द तुमच्या कागदावरून खोडू नका. दोन्ही लिहा.” मी दोन्ही लिहिले, खाली ‘मधील अक्षर वाळवीने गेले’ अशी टीप दिली, आणि मंदसोरची शेवटची बस गाठायची म्हणून निघालो.