दऱ्या आणि दर्या

मी संपादन करत असलेल्या पुस्तकाची पहिली प्रुफं आणि चित्रं एकाच दिवशी टेबलावर आली. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीची अद्भुत कादंबरी, सुमारे २४ हजार शब्द, डेमी आकार, १४ पॉइंटचा टाइप, १२८ पानं, म्हणजे सोळा पानी आठ फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा म्हणजे फॉर्म). चित्रं अकरा. पाचवं चित्र उचललं आणि हात थांबला. त्यात समुद्र होता, लाटांवर होडी होती. कादंबरीत समुद्र कुठेच नाही.

गोष्ट अशी: धुक्यात घरची माणसं हरवतात. मागे उरलेली दहा वर्षांची मुलगी आजीच्या एका वाक्यावर विसंबून निघते, ‘सात दऱ्यांपलीकडे आपली चूल पेटती आहे.’ जादूचा नियम एकच. दरीच्या काठावरून घरच्या माणसाला हाक मारली की ओ त्याच माणसाच्या आवाजात येते, पण एका दरीत एकदाच. हा नियम कडक आहे म्हणून तिच्या आशेला वजन आहे. खर्डा वाचताना मी दऱ्या आणि हाका यांचा तक्ता मांडला, तेव्हा एक आठवी हाक सापडली होती. लेखिकेने ती लगेच काढली. आता दऱ्यांच्या जागी समुद्र आला तर उरतं काय? समुद्र हाक परत देत नाही, आणि पोरीला तो पायी ओलांडता येत नाही.

चित्रकाराला फोन केला. “ताई, मजकुरात ‘सात दर्यांपलीकडे’ आहे. मी सातासमुद्रापार धरलं.” त्याचं बरोबर होतं. त्याच्याकडे गेलेल्या फाइलमध्ये तसंच होतं.

संगणकावर ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ऱ हे वेगळं अक्षर, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्ट धरून जे दाबला की येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे हे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि य. लेखिकेची फाइल दुसऱ्या प्रकारची होती. मांडणीआधी फाइल साफ करताना नको असलेल्या अदृश्य चिन्हांबरोबर हे जोडचिन्हही सरसकट निघालं. ते गेलं की र चा रफार होऊन य च्या डोक्यावर चढतो.

‘चेहर्यावर’, ‘पायर्या’ अशा चुका डोळ्याला टोचतात, शुद्धलेखन तपासनीसही लाल रेघ मारतो. धोका आहे तो चुकूनही खरा शब्द तयार होतो तिथे. दर्या हा शब्द आहेच. तिसऱ्या दरीत मुलीला भाकरी देणारा आचारी आहे. ‘आचाऱ्याने’चं ‘आचार्याने’ झालं, आणि सातव्या चित्रात कढईशेजारी जटाधारी गुरुजी बसले होते.

‘र्य’ शोधून सगळीकडे ‘ऱ्य’ करता येत नाही. सूर्य, धैर्य, आश्चर्य, पर्याय यांत रफारच हवा. म्हणून एकेक जागा पाहिली, तीनशेच्या आसपास. ओळखण्याची खूण सोपी आहे: मूळ शब्दाच्या शेवटी रा किंवा री असेल आणि पुढे प्रत्यय किंवा अनेकवचन असेल, तर ऱ्य. वारा–वाऱ्याने, पायरी–पायऱ्या, दुसरा–दुसऱ्या. आचारी तसाच, आचार्य मात्र मुळातच रफाराचा. मग ‘र्ह’ची वेगळी फेरी, कारण कुऱ्हाड, तऱ्हा, वऱ्हाड तिथे अडकतात. शेवटी ‘दऱ्यां’ची प्रत्येक जागा मोठ्याने वाचली. उच्चारात र च्या आधीच्या अक्षरावर जोर पडला की चूक कानाला कळते.

आचाऱ्याचं चित्र नव्याने करावं लागलं. समुद्राचं मात्र चित्रकाराने वाचवलं, आणि ते मला सगळ्यात आवडलेलं चित्र आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यावरून खाली पाहिलं तर दरी ढगांनी काठोकाठ भरलेली दिसते. त्याने लाटांच्या शेंड्यांवर पातळ पांढरा रंग फिरवून त्यांचं धुकं केलं, होडी पांढऱ्याने झाकली, तिच्या जागी डोंगराचा सुळका काढला आणि काठावर तोंडाशी हात धरून उभी असलेली पोर.

पलीकडे चुलीचा धूर होता, केसाएवढ्या रेघेचा. मॅपलिथो कागद शाई शोषतो, पाव पॉइंटाची तुटक करडी रेघ त्यावर विरून जाते. मुलांना हा धूर दिसलाच पाहिजे, शेवटच्या प्रकरणापर्यंत त्यांना धरून ठेवणारा तोच आहे. रेघ अर्ध्या पॉइंटाची आणि पूर्ण काळी करून घेतली, पुस्तकाच्या मापात, त्याच कागदावर प्रिंट काढली आणि हातभर अंतरावरून पाहिली. धूर दिसत होता. तो फॉर्म संध्याकाळी छपाईला गेला.