जिप्सीतून काय काय निघालं

वजनकाट्यावरच्या पोराला आधी वाटलं, मी चुकून लाइनीत घुसलोय. पुढं उसाचे दोन ट्रॅक्टर, मागं एक, आणि मधे माझी १९९८ची मारुती जिप्सी. "हिच्यात काय ऊस घातलाय?" असं त्यानं विचारलंसुद्धा. मामांनी कन्नडमधून त्याला काहीतरी सांगितलं, तो हसला आणि गाडी वर घ्यायला लावली. खिडकीतल्या डब्यावर लाल आकडा आला : १,४३०.

गाडी रिकामी होती. म्हणजे मला तरी ती रिकामी वाटत होती. कंपनीच्या पुस्तकात हिचं वजन हजार किलोच्या आसपास आहे. माझे अठ्ठ्याहत्तर आणि टाकीतलं पेट्रोल वजा केलं तरी तीनशेच्या वर किलो लोखंड मी चार वर्षं नुसतं वाहत फिरत होतो.

गाडी काट्यावर न्यायची अक्कल माझी नव्हे, मेस्त्रींची. जानेवारीत बेळगावहून कच्छला, हडप्पाकाळच्या धोलावीरापर्यंत जायचं ठरलं होतं. मी, धाकटा भाऊ आणि बाबा. बाबांनी नोकरीभर पोरांना हडप्पा-मोहेंजोदडो शिकवलं आणि त्यातलं एकही गाव डोळ्यांनी पाहिलं नाही. २०२१ मध्ये धोलावीरा जागतिक वारसा यादीत आलं तेव्हापासून ते कात्रण काढून बसले होते. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटरच्या आसपास. रेल्वेनं जा म्हणणारे घरात पुष्कळ होते. पण जिप्सी दारात उभी असताना रेल्वेनं जायचं म्हणजे मग ती ठेवायची कशाला?

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून एक यादी केली होती : टपावरचा तंबू, अडकलेली गाडी ओढायची विंच, एलईडी बार, धुराड्यासारखा तो स्नॉर्कल, अजून दोन जेरीकॅन. ती घेऊन उद्यमबागेत मेस्त्रींकडं गेलो. बेळगावात लष्कराच्या जिप्सी बघत बघत आमची पिढी मोठी झाली. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळं ही गाडी उघडून बसवणारे हात इथं अजून आहेत. २०१९ला कंपनीनं जिप्सी बंद केली तरी त्यांचं काही अडलेलं नाही. मेस्त्रींनी माझी यादी वाचली, घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली आणि बॉनेट उघडून विचारलं, "थर्मोस्टॅट कुठाय?"

मला काय माहीत. त्यांनी रेडिएटरच्या वरच्या पायपाचं तोंड सोडवलं, झाकण काढून दाखवलं. आत मोकळं भोक. कुठल्या तरी गॅरेजात कुणीतरी गाडी गरम होते म्हणून तो काढून टाकला होता. आपल्याकडं हा सर्रास इलाज आहे. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, त्यामुळं इंजिन लवकर तापून कामाला लागतं. मग दार उघडतं. दारच काढून टाकलं की काटा वर चढत नाही आणि गिऱ्हाईक खूश. पण इंजिन सकाळभर थंडच धावतं, पेट्रोल पितं, आतून झिजतं. आणि गाडी मुळात गरम का होत होती, ते तसंच राहतं.

नवा थर्मोस्टॅट अडीचशे रुपयांचा. मेस्त्री म्हणाले, "तसाच बसवू नको. घरात जाऊन शिजवून बघ."

म्हणून एका रविवारी आमच्या गॅसवर चहाच्या पातेल्यात तो दोऱ्याला बांधून सोडला. बायकोनं केकसाठी आणलेला थर्मामीटर बाजूला. त्या पातेल्यात इथून पुढं चहा होणार नाही, हे तिनं तिथल्या तिथं जाहीर केलं. थर्मोस्टॅटच्या पितळी कडेवर ८२ असा आकडा ठोकलेला होता. सत्तर झालं, पंच्याहत्तर झालं, तो ढिम्म. ऐंशीच्या पुढं गेल्यावर मधली चकती केसभर उचलली, आणि मग एखादं मासोळीचं तोंड उघडावं तशी सावकाश उघडत गेली. गॅस बंद केल्यावर तशीच मिटली. चार वर्षं जिप्सी चालवून तिच्याबद्दल जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या दहा मिनिटांत कळलं. (पातेलं आता गॅरेजात आहे.)

गरम होण्याचं खरं कारण रेडिएटरात होतं. आधीच्या मालकानं आणि खरं सांगायचं तर मीही, त्यात बोअरचं पाणी ओतलं होतं. टाकी सोडवून वरचं झाकण उघडलं तेव्हा नळ्यांच्या तोंडांशी पांढरा थर, घरच्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. निम्म्या नळ्या बंद. ऑटोनगरातल्या रेडिएटरवाल्यानं एकेका नळीत सळी घालून त्या मोकळ्या केल्या, परत झाळण मारली. पंख्याभोवतीचं कडंही गायब होतं. ते नसलं की पंखा रेडिएटरातून हवा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच घुसळत बसतो. ते पत्र्याचं करून घेतलं. उद्यमबागेत पत्रा वाकवून देणारा शोधायला दोन गल्ल्यासुद्धा चालावं लागत नाही. पाण्याच्या जागी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

मग पेट्रोलची टाकी. इथं मामांचा संबंध येतो. मामांचा ऊस चिकोडी तालुक्यात, आणि आपल्या भागातले कारखाने आता साखरेबरोबर इथेनॉलही काढतात. पंपावर मिळतं ते पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. नव्या गाड्यांचं रबर त्या हिशेबानं केलेलं असतं; १९९८च्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीच्या वेळी हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पेट्रोलचे पाइप हातात घेऊन वाकवले तर बाहेरून बरे दिसत होते, आतून चिकट होऊन सुटायला लागले होते. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं निवांत बसलेला गाळ-गंज उठवून पुढं ढकलतं. मी मामांना म्हटलं, "तुमचाच ऊस माझा कार्बोरेटर खाऊलाय." मामा म्हणाले, "मग बिलातलं बी थोडं घे की."

टाकी उतरवून मेस्त्रींच्या पोरानं ती आधी पाण्यानं दोनदा धुतली, मग मूठभर बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून झोका दिल्यासारखी हलवली. अर्धा तास. हात गळ्यात आले. जे पाणी निघालं ते खापरीच्या रंगाचं होतं. कुणी करणार असेल तर एवढंच, की रिकाम्या टाकीजवळ आग, वेल्डिंग, विडी काही नको. पेट्रोल नसतं तेव्हा आतली वाफच जास्त वाईट. पाइप सगळे नवे, इंधन पंपाचा डायाफ्राम नवा, आणि फिल्टर एक बसवलेला व दोन जवळ ठेवलेले.

डिफरन्शिअलचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचं, सांगायलाच नको. बूच काढलं आणि दुधाच्या चहासारखं तेल आलं. पावसाळ्यात खानापूरकडच्या ओढ्यांतून गाडी घालून मी फोटो काढले होते, त्याची ही पावती. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आत शोषलं जातं, आणि हवा घ्यायची नळी मातीनं बंद असेल तर सीलमधून पाणी ओढतो. पुढचं, मागचं, ट्रान्सफर केसचं, गिअरबॉक्सचं, सगळं तेल बदललं; हजार किलोमीटर झाल्यावर परत एकदा काढून बघितलं, तेव्हा स्वच्छ होतं.

टायरच्या बाबतीत मी वाद घातला. जाड नक्षीचे मड टायर, नक्षी जवळपास पूर्ण. ते काढायचे? मेस्त्रींनी कडेवरची माती अंगठ्यानं पुसली आणि अंडाकृती चौकटीतले चार आकडे वाचायला लावले : ३७१४. म्हणजे २०१४चा सदतिसावा आठवडा. त्याच्या शेजारी केसाएवढ्या भेगा. नक्षी शिल्लक होती, रबर मेलेलं होतं. शिवाय ते कंपनीच्या मापापेक्षा मोठे. चाक मोठं केलं की गिअरचं गणित बदलतं, १३००चं इंजिन पाचव्यात धापा टाकतं आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो. पाच साधे रस्त्याचे टायर घेतले, स्टेपनीसकट. हाच सगळ्यात मोठा खर्च, अठ्ठावीस हजार. एकूण बासष्ट हजार गेले, त्यात विंच कुठंच नाही.

नव्या टायरवर पहिल्यांदा हायवेला काढली आणि काकतीच्या पुढं सत्तरच्या वेगात रस्त्याच्या एका सांध्यावरून गेलो तेव्हा स्टिअरिंग हातातून उडायला लागलं. पुढची दोन्ही चाकं थयथया नाचत होती. ब्रेक दाबावा की नाही तेही सुचेना. वेग कमी होत चाळिसाच्या खाली आल्यावर आपोआप थांबलं. बाजूला लावून पाच मिनिटं मी नुसता बसलो. बाबा गाडीत असते तर, हे डोक्यातून जाईना.

मी म्हटलं टायरचं बॅलन्सिंग. मेस्त्री म्हणाले, "टायरनं सुरू होतंय, टायरनं होत न्हाई." पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर टकटक. पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचे बेअरिंग झिजलेले. मोठे मड टायर त्यावर कितीतरी वर्षं भार घालत होते आणि त्यांच्याच घर्षणानं ते झाकूनही ठेवत होते. नवे बेअरिंग घातल्यावर मेस्त्रींनी कोपऱ्यातून भंगारवाल्याकडं असतो तसला हुकाचा काटा काढला. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड सोडवलेला, त्याच्या भोकात हूक अडकवून हळू ओढायचं, आणि नकल, म्हणजे चाक धरणारा वळता भाग, जागचा हलतो त्या क्षणी काट्यावर किती किलो, ते वाचायचं. पहिल्यांदा सातशे ग्रॅम. वरची टोपी काढून खालची एक पातळ पत्री कमी केली. परत ओढला, सव्वा किलो. अजून एक पत्री. दीड किलोच्या आसपास आल्यावर म्हणाले, "आगतैति री," म्हणजे जमतंय, आणि काटा पुसून परत खिळ्याला लावला. सील त्यानंतर. दुसऱ्या दिवशी काकतीच्या त्याच सांध्यावरून पाच वेळा गेलो. काही नाही.

आणि मग काट्यावरचा तो १,४३० आकडा. पुढचा लोखंडी बुलबार काढला. तसाही डिसेंबर २०१७ पासून तो बेकायदाच. मागचा चॅनलचा बंपर, टपावरचा रॅक, दुसरी बॅटरी, तिच्या वायरींचं जंजाळ, मागच्या सीटखाली कुणी तरी बसवलेला स्पीकरचा खोका. खोक्यात दोन पान्हे, गोव्याचं २०११चं पार्किंगचं तिकीट आणि उंदराचं घरटं. रॅक आणि बुलबार भंगारात देताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू; गाडी एकदम कुणीतरी केस कापल्यासारखी दिसायला लागली. परत काट्यावर गेलो. त्या पोरानं ओळखलं. १,१४५, माझ्यासकट.

कागदांना फार वेळ लागला नाही. आरसीचं नूतनीकरण २०२३ मध्ये होऊन गेलं होतं म्हणून सुटलो. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचे दहा हजार झाले. विमा, पीयूसी, नवी नंबरप्लेट. केए २२ची गाडी घेऊन महाराष्ट्रातून जायचं म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "तिकडं काय त्रास न्हाई न्हवं?" सीमेवर दोन्हीकडं वातावरण तापलं की नंबरप्लेटच आधी दिसते, बोली मागनं ऐकू येते. आम्हाला तसं कुणीही काही बोललं नाही.

निघायच्या आधी दोन फेऱ्या. एक निपाणीकडं तवंदी घाटात, भर दुपारी, चौघं बसवून : तापमानाचा काटा मधोमध, हलला नाही. दुसरी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्यात, उतरताना ब्रेक बघायला. मेस्त्री स्वतः आले होते, खाली उतरून प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन बघत होते.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक पिशवी दिली. फॅनबेल्ट, रेडिएटरचे दोन्ही पाइप, डिस्ट्रिब्युटरची टोपी, रोटर, ॲक्सिलरेटरची आणि क्लचची केबल. क्लचची केबल मी नाकारली, कारण गाडीतली चालूच होती. "चालतीया म्हणूनच घे," म्हणाले. तळाशी माझी ती यादी, घडी तशीच.

रापरच्या पुढं, दोन्ही बाजूंना बाभळी आणि मधे सरळ रस्ता, अशा ठिकाणी क्लच पायाखाली मऊ झाला आणि जमिनीला टेकला. बाबा उतरून लांबवर बघत उभे राहिले. रेंज होती, मी मेस्त्रींना फोन लावला.

"केबल तुटली."

"कुठं?"

"रापरच्या पुढं."

"त्ये कुठं आलं?"

"कच्छात. पाकिस्तानच्या अलीकडं."

थोडा वेळ नुसता ग्राइंडरचा आवाज. मग म्हणाले, "मग मला कशाला फोन करूलायस? पिशवीत हाय की."