यूबी ब्लेक यांचा डावा हात

आजची सुटी अमेरिकी पियानोवादक आणि संगीतकार यूबी ब्लेक यांची रॅगटाइम (डाव्या हाताच्या स्थिर ठेक्यावर उजव्या हाताने ठेका चुकवत वाजवण्याची जुनी अमेरिकी शैली) ध्वनिमुद्रणे ऐकण्यात गेली. बाल्टिमोरमध्ये १८८७ साली जन्मलेल्या (ते स्वतः मात्र १८८३ सांगत!) आणि एकेकाळी गुलामगिरीत राहिलेल्या आईवडिलांच्या या मुलाने किशोरवयातच, घरच्यांच्या नकळत, वेश्यागृहात पियानो वाजवून कमाई सुरू केली. १९२१ मध्ये गीतकार-गायक नोबल सिसल यांच्यासह रचलेल्या 'शफल अलाँग' या संगीतिकेने न्यू यॉर्कमधली ब्रॉडवेची रंगभूमी गाजवली. पुढे लोकांना त्यांचा जवळजवळ विसर पडला आणि १९६९ च्या ध्वनिमुद्रिकेने, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांना पुन्हा मंचावर आणले. संध्याकाळी मी कीबोर्डवर त्यांच्या डाव्या हाताचा तो ठेका वाजवून पाहिला. खर्जातला स्वर आणि वरचा स्वरमेळ यांच्यामधली उडी मला दर तिसऱ्या मात्रेला चुकत होती.