तुम्ही विचारलंत म्हणून: रोज एवढे प्रश्न आणता कुठून?

आमच्या ऑफिसात चहाच्या मशीनशेजारी एक पांढरा फळा आहे. कधीकाळी कुठल्याशा प्रोजेक्टची कामं त्यावर लिहायचे. प्रोजेक्ट संपला, फळा तिथेच राहिला. गेली सहा वर्षं मी सकाळी साडेनऊला त्यावर एक प्रश्न लिहितो. कॉम्प्युटर, विज्ञान, यंत्रं, अंतराळ, जुने व्हिडिओ गेम, असलं काहीबाही. दुपारी चारच्या चहाला उत्तर सांगतो. नवा माणूस रुजू झाला की आठवड्याभरात हातात कप घेऊन विचारतोच, "सर, एवढे प्रश्न आणता कुठून?" तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

मी आधी उत्तर शोधतो. प्रश्न त्याच्या मागून येतो, आणि खरी मेहनत तिथे असते.

सुरुवातीला हे मला कळत नव्हतं. ईमेलच्या पत्त्यात ॲटचं चिन्ह कोणी आणलं, असा प्रश्न मी पहिल्याच महिन्यात लिहिला होता. रे टॉमलिन्सन, 1971. ज्याला माहीत होतं त्याने जाता जाता सांगितलं, बाकीचे चहा घेऊन निघून गेले. दहा सेकंदांत खेळ खलास. दोनेक वर्षांनी तोच प्रश्न उलटा करून लिहिला: "समजा 1971 साल आहे. माणसाचं नाव आणि त्याच्या मशीनचं नाव यांच्यामध्ये एक चिन्ह टाकायचंय, पण ते कुणाच्याही नावात येणारं नको. कीबोर्डवरचं कोणतं घ्याल?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत फळ्याखाली टक्केवारी, चांदणी आणि तिरकी रेघ यांचे समर्थक भांडत होते. उत्तर तेच. फरक एवढाच की ज्याला टॉमलिन्सन ठाऊक नव्हता, त्यालाही भांडता आलं.

फोनवर बघून कुणी उत्तर दिलं तर काय, हेही विचारतात. देतात की! पण बघून सांगणारा फार पटकन आणि फार पूर्ण सांगतो, सनावळीसकट. विचार करून सांगणारा अडखळतो. आम्ही सगळे आता तो अडखळ ओळखतो.

अकाउंट्समधल्या आमच्या मॅडम पाच वर्षं त्या फळ्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. "ते तुमचं कॉम्प्युटरवाल्यांचं." एक दिवस मी लिहिलं: "कीबोर्डवर दोनच अक्षरांच्या कळांवर छोटा उंचवटा असतो. कोणत्या, आणि का?" वीस-वीस वर्षं कीबोर्ड बडवणारे आमचे इंजिनिअर आपापल्या जागी जाऊन कळा चाचपडायला लागले. मॅडम कप विसळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एफ आणि जे. तर्जन्या तिथे ठेवायच्या, मग खाली बघावं लागत नाही." सरकारी टायपिंगच्या परीक्षा, मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस, पास झालेलं माणूस ते. क्लासमधले सर म्हणे मान खाली घालू द्यायचे नाहीत. त्या दिवसापासून मॅडम रोज फळा वाचतात आणि शुद्धलेखनाच्या चुकाही काढतात. हा दुसरा भाग मी मागितला नव्हता.

माझा स्वतःचा आवडता प्रश्न एकच ओळीचा आहे. "19 जानेवारी 2038, मंगळवार, सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंद. त्याच्या पुढच्या सेकंदाला काय बिघडेल?" पहिला अर्धा तास सगळे धूमकेतू आणि ग्रहणं सुचवत होते. मग टेस्टिंगमधली एक मुलगी म्हणाली, "सर, वेळ भारतीय आहे ना? मूळची वेळ 3 वाजून 14 मिनिटं असणार." साडेपाच तास वजा केले की गोष्ट लंडनच्या घड्याळावर येते, हे तिने ओळखलं आणि तिथून गाठ सुटायला लागली. युनिक्स नावाच्या जुन्या प्रणालीच्या पद्धतीने चालणारे कॉम्प्युटर वेळ म्हणून 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. जुन्या रचनेत त्या आकड्याला 32 बिटांची, म्हणजे शून्य किंवा एक मावेल अशा 32 घरांची जागा, त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाचा. उरलेल्या 31 बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा 2,14,74,83,647. तिने टिश्यू पेपरवर भागाकार मांडला, अडुसष्ट वर्षं आली, आणि अडुसष्टात सत्तर मिळवून तिने माझ्याकडे जे बघितलं ते बघायला मी फळा लिहितो. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होतो आणि अशा मशीनच्या लेखी 14 डिसेंबर 1901 ची पहाट उजाडते, आपले सव्वादोन वाजलेले. आताच्या बहुतेक सिस्टिम 64 बिटांवर गेल्या आहेत, घाबरायचं कारण नाही. लिफ्टच्या आणि कारखान्यांच्या जुन्या कंट्रोलरबद्दल मात्र मी छातीठोकपणे काही बोलणार नाही.

आता दुखरा भाग. या विषयातल्या गाजलेल्या गोष्टींपैकी निम्म्या तरी लबाड असतात, आणि जितकी गोष्ट गोड तितकी जास्त तपासावी लागते. अमेरिकेतल्या कॉम्प्युटरतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी कॉम्प्युटरमध्ये किडा शोधला आणि तेव्हापासून बिघाडाला बग, म्हणजे किडा, हा शब्द रूढ झाला, ही त्यातली महाराणी. हार्वर्डच्या मार्क 2 मशीनमध्ये 9 सप्टेंबर 1947 ला पतंग सापडला हे खरं. नोंदवहीत तो चिकटपट्टीने लावून ठेवलाय, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ते पान आहे. पण तो काढला दुसऱ्या कुणीतरी. हॉपरबाईंनी गोष्ट रंगवून सांगितली. आणि यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणणं तर एडिसनच्या 1878 च्या पत्रातही आहे. नोंदवहीतलं वाक्यच सांगतं की शब्द आधीपासून होता: बग सापडल्याची पहिली खरीखुरी घटना, असं गमतीने लिहिलंय. शब्द नवा असता तर गंमत कुणाला कळली असती?

हे सगळं माहीत असूनही मी एकदा तोंडघशी पडलो. तारीख 18 ऑगस्ट. मी लिहिलं: "1868 साली आजच्या दिवशी महाराष्ट्रातल्या एका किल्ल्यावरून एका मूलद्रव्याचा शोध लागला. किल्ला कोणता, मूलद्रव्य कोणतं?" उत्तर हेलियम आणि विजयदुर्ग. लहानपणापासून ऐकलेलं. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आहेत, तिथे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी दुर्बीण लावली होती, सगळं ठाकठीक. देवगडकडचा आमचा एक सहकारी तर दिवसभर छाती काढून फिरत होता. चार वाजता मी ऐटीत उत्तर सांगितलं आणि मागून एक ट्रेनी पोरगा हळूच म्हणाला, "सर, पण लॉकियर तेव्हा लंडनला होते."

होतेच. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणाची सावली जमखंडी, विजापूर, गुंटूर अशी गेली. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते, आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल. लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच, 20 ऑक्टोबरला, इंग्लंडातून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांजवळ तिसरी एक रेषा होती, ती सोडियमची नव्हती. त्यातून पुढे हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर हा वायू हाती लागायला 1895 उजाडलं. विल्यम रॅमसे यांना तो एका युरेनियमयुक्त खनिजात मिळाला. मग ओटे? तेही खरे. लॉकियर विजयदुर्गला आले होते, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. म्हणजे साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहणही खरं. तीस वर्षं तेवढी गाळलेली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर "कालचं उत्तर चूक" एवढंच लिहिलं आणि खाली खुलासा केला. देवगडवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माझ्यावर राग की त्या पोरावर, हे मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मला ट्रॅफिकमुळे उशीर झाला. दहा वाजता पोचलो तर फळ्याभोवती घोळका. अक्षर देवगडवाल्याचं होतं, तिरकं आणि दाबून लिहिलेलं. "22 जानेवारी 1898. विजयदुर्गावर भर दुपारी दोनेक मिनिटं अंधार. इंग्लंडहून आलेला एक साहेब दुर्बीण लावून बसलाय. त्याला ज्या शोधासाठी आपण ओळखतो, तो तर त्याने घरबसल्या लावला होता. मग एवढ्या लांब अंधार बघायला का आला?"

चार वाजेपर्यंत मला उत्तर आलं नव्हतं. खाली मॅडमनी लाल मार्करने 'दुर्बीण'ची वेलांटी तपासून बरोबरची खूण केली होती.