अतिरेक्यांना कसले हक्क?

ग्वांतानामोबद्दल, म्हणजे अमेरिकेच्या क्युबातल्या लष्करी तुरुंगाबद्दल, बोलले की मला हमखास विचारतात, 'तुम्ही मुंबईच्या, २६/११ तुमच्या डोळ्यांदेखत घडलं, तरी अतिरेक्यांचा एवढा कळवळा का?' तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

ते अतिरेकीच आहेत हे ठरवलं कुणी? क्युबातल्या अमेरिकी नौदलाच्या तळावर ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० कैदी उतरवले गेले. पुढे तिथे एकूण सुमारे ७८० जणांना डांबलं आणि बहुतेकांवर कधी आरोपपत्रसुद्धा ठेवलं नाही. त्यातलेच एक लखदर बुमेदियन बोस्नियात रेड क्रिसेंट या मदत संस्थेत काम करत होते. साराजेवोतल्या अमेरिकी दूतावासावर हल्ल्याचा कट रचल्याचा संशय त्यांच्यावर होता. बोस्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडायला सांगितलं, तरी त्यांना अमेरिकेच्या हवाली केलं गेलं. घरी दोन लहान मुली. त्यांनी अन्न सोडलं, तेव्हा खुर्चीला जखडून, नाकातून नळी घालून पोटात अन्न ढकललं जायचं. त्यांच्याच खटल्यात २००८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांचा दाद मागण्याचा हक्क मान्य केला. मग न्यायाधीशांनी पुरावा तपासला, तर तो एका निनावी खबऱ्यावर उभा! सात वर्षांनी ते सुटले.

खालिद शेख मोहम्मदचं काय, असं तुम्ही म्हणाल. ९/११चा सूत्रधार म्हणून त्याच्यावर आरोप आहे. सीआयएने २००३च्या मार्चमध्ये तोंडावर पाणी ओतून त्याचा श्वास कोंडण्याचा प्रकार १८३ वेळा केला. असल्या छळानंतरचे जबाब पुरावा म्हणून चालतील का, यावरच त्याचा खटला वर्षानुवर्षं अडकला. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक (मानवी हक्कांची पाहणी करणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञ) फिओनुला नी ओलॉइन ग्वांतानामोला जाऊन आल्या आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं, की हा छळ म्हणजे ९/११च्या बळींच्या हक्कांचाही विश्वासघात आहे. मला नेमकं हेच म्हणायचं आहे.

आपल्याकडे कसाबला सरकारने वकील दिला. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात खटला उभा राहिला. सीएसएमटीवर पायात गोळी लागलेली एक शाळकरी मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने भर कोर्टात त्याला ओळखलं. २०१० मध्ये निकाल लागला, पुढे उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, सगळं रीतसर झालं. (फाशीला माझा विरोध आहे, तो वेगळा विषय.) त्या मुलीला कोर्टात उभं राहून बोलता आलं. ९/११ला सुमारे तीन हजार माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना खालिदच्या खटल्यात तेवढंही अजून मिळालेलं नाही.